पोटखराब

गट नंबर एकशे चौदा आणि एकशे पंधरा,
मौजे टाकळवाडी, तालुका मानवत.
अर्जदार धुराजी हेंडगे.
तक्रार अशी की शेजारीण सरूबाई मगर
धुरा कोरत कोरत दीड हात आत आल्या.

बत्तीस वर्षं मी हेच करतो.
खुंट्या ठोकतो, दुर्बीण लावतो,
दोन्ही घरचं पाणी थोडं थोडं पितो,
उगीच कुणी म्हणायला नको.

मोजणीत निघालं ते उलटंच.
धुरा कोरला होता धुराजीनं,
दरसाल एक तास,
जसं काही बैलांनीच ठरवलं होतं.
बाईच्या अंगानं तो शाबूत,
गुडघ्याएवढा उंच, अस्ताव्यस्त,
आणि त्याच्यावर पसरलेली किडामारी.

“तण आहे,” धुराजी म्हणाला.
“पंप भरूनच आणलाय. एक टाकी मारली की साफ.”

शेवटची खुंटी ठोकायला मी वाकलो
आणि पानाखाली ती दिसली.
काळी, मखमली, अंगभर तांबडे काटे,
कमरेला पांढरा करदोडा.
बोटाच्या पेराएवढी.
खात होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

किडामारी. नाव तरी बघा.
किड्याला मारणारी,
आणि तिच्याच पानावर ही पोसते,
तिचंच कडू अंगात साठवते,
मग चिमणीसुद्धा हिला चोच लावत नाही.
सोयाबीन नको हिला, तूर नको,
तुमच्या कपाशीचं तर नावच नको.
एवढी एक वेल, नाहीतर जन्म नाही.
पंख फुटले की काळ्यावर पांढऱ्या रेघा
आणि अंग असं लाल,
की वाटावं, करंडा सांडलाय आणि उडतोय.
माझ्या उमेदीच्या दिवसांत
साखळी ओढताना ही तोंडावर यायची.
गेल्या बारा वर्षांत तीनदा दिसली.
धुरे मी मोजले, म्हणून मला माहीत.

निसर्ग वाचवा, असं मी धुराजीला म्हणालो नाही.
उन्हात पंप घेऊन उभ्या माणसाला
असं काही म्हणू नये.
सातबारा काढला, बोट ठेवलं.
पोटखराब, दोन गुंठे.
“याच्यावर आकार नाही, धुराजी.
सरकार हिला पिकाची जमीनच धरत नाही.
नांगरून नांगरून तुला काय मिळणार,
पायलीभर सोयाबीन?
आणि पोट खराब कुणाचं?
हिचं तर इथंच भरतं.”

तो हसला नाही.
सरूबाई तोवर गप्प होत्या,
पदरानं मान पुसत.
मग म्हणाल्या, माझ्याकडे न बघता,
“माह्या ढवळ्याच्या खांद्यात अळ्या पडल्या व्हत्या.
हाच पाला ठेचून भरला, चौथ्या दिवशी जखम वाळली.
आता जिनं जित्राब वाचवलं
तिला इख कसं पाजू?
त्याच्यात ही किडी खाती, तर खाऊ द्या की.
असं किती खाईल?”

धुराजीनं पंप खाली ठेवला नाही.
फक्त नळीची तोटी बंद केली.
नकाशावर सही केली, तीही वाकडी.

घरी येऊन मी कागद पुरे केले.
सातबाऱ्यावर एक रकाना असतो, इतर हक्क.
बँकेचा बोजा, विहिरीचं पाणी, बहिणीचा वाटा.
तिथं या पाखराचं नाव लिहायचा
मला अधिकार नाही,
तलाठ्याला नाही, तहसीलदारालाही नाही.
तो फक्त मालकाचा,
आणि तोही पेनानं बजावता येत नाही.
औत दीड हात अलीकडून वळवावं लागतं.
फवारताना धुऱ्याशी आलं की
हात आवरावा लागतो.
बस्स. एवढीच नोंद.

भादव्यात त्या वाटेनं गेलो.
गाडी थांबवली, सवयीनं नजरेनंच मोजलं.
धुराजीच्या अंगानं जमीन सुटली होती.
दीड हात नाही. वीतभर.
त्या वितीत
किडामारीचा एक कोंब
वरून खाली उतरला होता,
चोरासारखा नाही,
मोजणी मान्य असल्यासारखा.