सदतीसावं घरटं

समुद्रसपाटीच्या दीड हात खाली हे कुरण.
विट्स्के बांधावर सायकल आडवी टाकते.
बुटांत पाणी चुबुकचुबुक,
काखेत बांबूच्या काठ्या, खिशात भिजकी वही:
घरटं सदतीसावं. टिटवी. अंडी चार.

घरटं म्हणजे काय,
गाईच्या खुराएवढा खळगा, पाचसहा काड्या,
आणि आत टोकाला टोक लावून
चिखलाच्याच रंगाचा संसार.

"बस खाली," ती म्हणते.
मी बसतो.

कालव्यावरून भोवत्याची मादी येते,
पंख द्रोणासारखे उथळ वर धरलेले,
डोकं सायीच्या रंगाचं.
घाई नाही. कुरण वाचत येते, ओळीओळीने.
आणि सगळं फ्रीसलंड एकदम उठतं:
टिटव्या, मळगुजे, तांबड्या पायांचे टिवळे,
मूठभर जीव तिच्या पाठीवर तुटून पडतात,
इतका कालवा की गाईसुद्धा माना वर करतात.
ती वळते. जाते.

तिनं काहीच नेलं नाही.
पण तेवढ्या वेळात अंडी गार पडली,
आणि पलीकडून एक कावळा चालत आला,
उडायचीही तसदी न घेता.

वहीत: सदतीस, तीन.

आता काठी घरट्यापासून दहा पावलं लांब रोवतात.
कावळ्यांना काठी वाचता येते.

ऊबेलेच्या नव्वद गाई. गवत तो जूनपर्यंत कापत नाही,
पण कालव्याकाठचा वाळुंज त्याला तोडायचाय:
"बसायला फांदी मिळते म्हणून येतात शिकारी."
त्याचा आजा वसंतातलं पहिलं अंडं
टोपीत घालून गावभर मिरवायचा.
हे तो सांगतो, आणि मग बराच वेळ
करवतीची साखळी पुसत राहतो.

मी म्हणतो, आमच्याकडे म्हण आहे,
टिटवीदेखील समुद्र आटविते.
विट्स्के हसते. "समुद्र आम्ही आटवला. पंपांनी.
टिटवी नंतर आली, ओल बघून.
मग आम्ही ओलही काढून घेतली."

बोरूच्या बेटात तिनं एकदाच नेलं मला.
भोवत्याचंही घर जमिनीलगतच,
मोडक्या बोरूंचा ढीग, पाण्यापासून वीतभर वर.
तीन पिल्लं. धाकटं फारच धाकटं,
थोरल्याच्या पंखाखाली दबलेलं.
ही नोंद वहीत नाही.
मी विचारलं नाही का ते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात
सदतीसच्या तिघांतलं एक दिसलं,
काड्यांच्या पायांवर उभा कापसाचा बोळा,
पाऊलवाटेवर, अगदी उघड्यावर.
वरून आईची एकच हाक,
आणि ते जिथल्या तिथे चपटं झालं:
ढेकूळ. शेण. काहीच नाही.
सावली त्याच्यावरून गेली, माझ्या हातावरून,
विट्स्केच्या मिटलेल्या वहीवरून,

आणि पुढे बोरूकडे,
तिघांकडे,
रिकाम्या पायांनी.