तहान लिहायची वही

नागपूरच्या दवाखान्यातून आम्ही दोघं
सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्या घेऊन आलो.
माझी सत्तेचाळीस, तुळारामची अठ्ठेचाळीस.
एकीत औषध असेल, एकीत नुसता खडू,
किंवा दोन्हींत औषध, किंवा दोन्हींत खडू.
डॉक्टर म्हणाले, मलाही माहीत नाही, बाई.
तीन वर्षांनी पाकीट उघडू.

सोनोग्राफीत दिसलं ते मी लगेच ओळखलं:
बोडीच्या काठाला चिकटलेली बेडकांची अंडी,
पाण्याची, गोल, एकाला एक लागून.
बाबाच्या पोटात हेच होतं.
आम्ही जलोदर म्हणत राहिलो
आणि भगताला कोंबडे देत राहिलो.

निखत सिस्टरने वही दिली.
किती प्यालात, रात्री किती वेळा उठलात, लिहायचं.
औषधाने तहान लागू शकते
हे सहीच्या कागदावर होतं, अकराव्या पानावर.

आठव्या दिवशी मला लागली.
अर्धा गुंड एका बैठकीत.
साकोलीच्या एसटीत दोनदा कंडक्टरला हात जोडले,
तिसऱ्यांदा तो न सांगताच थांबला
पळसाच्या आडोशापाशी,
आणि दुसरीकडे तोंड करून तिकिटं मोजत बसला.

तुळाराम पाहत होता.
मग तोही पिऊ लागला, पेल्याला पेला,
पोटाला तड लागेस्तोवर,
वहीत मोठमोठे आकडे घालू लागला.
एका रात्री सपरीतून त्याचा आवाज आला,
"फुलवंता, तुले खरंच लागते का वं तहान?"
"मे महिना आहे," मी म्हटलं, "कोनाले नाही लागत?"

कदाचित तेच खरंही असेल.

तेव्हापासून मी अंधारात पिते.
लोटा गुंडाला लागू देत नाही.
चार तलावांच्या गावात
सख्ख्या भावापासून पाणी चोरते
आणि मोबाईलच्या उजेडात वहीत खरं लिहिते:
सात लिटर. पाच वेळा उठले.

माझी पोरगी नऊ वर्षांची.
तिची तपासणी अजून केली नाही,
करू म्हणते, धान निघालं की करू.
काल शाळेतून आली, दप्तर फेकलं,
उभ्यानेच दोन पेले घटाघटा प्याली,
तिसऱ्यासाठी हात पुढे केला.

मी मोजत होते.