अकरा थेंब

पहिल्या रात्री शहाबादीवर एक डाग दिसला,
लिंबाएवढा.
म्हटलं, शेजारच्या निकमांच्या स्कूटरचा असेल.
दुसऱ्या रात्री गाडीखाली पेपर पसरला.
सकाळी ‘वधू पाहिजे’च्या रकान्यात
अकरा थेंब.

लाल गाडी. दोन दारं, दोन सीटा,
लांब नाक, आणि जोर सगळा मागच्या चाकांना.
बावीस गळीत हंगाम
कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचं ब्रिक्स मोजलं,
त्यातून साठलेले पैसे.
पुण्याहून आणली त्या दिवशी वैजयंतानं
गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाली,
‘मागची सीट पार्सलनं येणार आहे का?’

केमिस्ट माणूस मी. थेंब काचपट्टीवर घेतला.
पाणी नाही, म्हणजे एसीचं नाही.
हिरवा नाही, गुलाबी नाही, कूलंट सुटला.
ब्रेकचं तेल रंग खातं म्हणतात,
म्हणून जुन्या डब्याच्या झाकणावर एक थेंब ठेवून
तासभर बसलो. रंग जागच्या जागी.
काकवीसारखा जाड, ओढला की तार धरणारा.
हुंगला.
वहीत लिहिलं: इंजिन ऑइल. वास, नाही.
खाली सही केली, सवयीनं.

उद्यमनगरात दिलावर शिकलगारांचं गॅरेज,
एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पिकलेला.
वही त्यांनी बघितलीच नाही.
पेपरावरचा थेंब दोन बोटांत चोळला,
नाकाशी नेला, आणि मान मागं.
‘इंजिनचं न्हवं ओ सायेब, गिअरचं तेल हाय ह्ये.
गंधक मारतंय की कसलं!
तुमाला आला न्हाई वास?’

नाही आला.
रस पांढरा करायला आम्ही गंधकच जाळतो,
रोज, नोव्हेंबर ते मार्च.
माझ्या शर्टात, टॉवेलात, उशीच्या अभ्य्रात तोच.
वैजयंता माझे कपडे वेगळे धुते.
कधी विचारलं नाही का.

‘पण थेंब तर मधोमध पडतो,’ मी म्हणालो.
‘पडतो तितं गळत नसतंय.’
मग त्यांच्या शमानं गाडीचं पोट धुतलं,
पुसलं, वाळवलं,
आणि टाल्कम पावडरचा अख्खा डबा
खाली झोपून वर उडवला.
बाहेर आली तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या.
‘आता कागलपर्यंत जाऊन या. सावकाश.’

गेलो, आलो.
गाडी जॅकवर. ती मोबाइलचा उजेड धरून आत सरकली,
आणि बाहेर उभ्या बापाला सांगत गेली,
जसं कुणी पत्र वाचून दाखवावं:
‘बंपरकडं कोरडं. टाकी कोरडी.
मधल्या पट्टीवर वघळ आलाय, पण त्यो मागनं येतोय...
डिफरन्शियल... उजव्या एक्सलपाशी, अब्बा.
हितनं सुरू हाय.’
‘सील,’ दिलावर म्हणाले. ‘किती वरसं उभी हुती?’
चार. मालक परदेशी, गाडी शेडमध्ये, वर कव्हर.
‘मंग वाळणारच. फिरती ऱ्हायली की रबर तेलात भिजतंय.
उभ्या गाडीचं सील आदी जातंय.’
माझा बंद हंगामातला एप्रिल, मे, जून
मला उगीचच आठवला.

सील पुण्याहून येणार, आठ दिवस.
‘तोवर उभी नका ठेवू काका,’ शमा हात पुसत म्हणाली,
‘तेलाची लेव्हल बघून रोज थोडी फिरवा.’

रात्री वहीतली सही खोडली.
वैजयंतानं न बोलता जुनी परात काढून दिली,
कडेला चेपलेली.
मी गुडघ्यांवर बसून ती उजव्या चाकाच्या आत सरकवली,
मग आठवलं, आणि पुन्हा मधोमध ओढली.
ती दारातून बघत होती.
‘या आधी,’ म्हणाली, ‘अंघोळ करून या.’
शर्ट काढून नाकाशी धरला.
थोडासा. अगदी थोडासा आला.