पंखाखाली

कराडच्या धावपट्टीवर माझी नोकरी:
चाकांना ठोकळे लावायचे, काढायचे,
शिकाऊ पोरांची विमानं हाताच्या खुणांनी
पांढऱ्या रेषेवर आणून उभी करायची.
वैशाखात रेषाच हलते.
डांबरावर पाण्यासारखं काही थरथरतं
आणि विमान त्यात गुडघाभर बुडून येतं.

हारुण मुलाणी बावीस वर्षं इथे.
बुटात क्लासवाल्यांच्या जाहिरातीचा जाड कागद घालतो,
म्हणतो, पहिल्या नंबरात आलेली पोरं
तळव्याला गार लागतात.
टोपीखाली ओला पंचा, खिशात गूळ-मिठाची पुडी.
पहिल्या दिवशी मला म्हणाला,
लोखंडाला हात लावायच्या आधी थुंकून बघ.
चर्र झालं तर हातमोजा घाल.
थुंकीच आली नाही,
तर आधी पाणी पी, येड्या.

आमची सावली म्हणजे विमानाचा पंख.
दोन माणसांपुरता.
तिसरा आला की एकाचा पाय उन्हात.
पंख जागचा हलत नाही, ऊन हलतं,
आम्ही तसूतसूने सरकतो
डबा, बाटली आणि अर्धी राहिलेली गोष्ट ओढत.

मग गार खोलीतून कुणीतरी येतं, चष्मा चढवत.
ठोकळे काढ. अंगठा वर.
आणि आमची सावली निघून जाते
कुंपणावरून, वारुंजीच्या उसावरून,
कोयनेत क्षणभर भिजून पलीकडे.
मागे आम्ही,
पायाखाली आपापली, चपातीएवढी.

मंगळवारी हारुण तिच्याकडे बघत बघत खाली बसला.
बसला कसला, घडी झाला.
अंगावर घामाचा थेंब नाही,
कोरडा, चुलीतल्या विटेसारखा.
माझ्याकडे बघून त्याने मला
त्याच्या भावाच्या नावाने हाक मारली.
बंबावरच्या कोळपेने विचारलं नाही कुणाला,
पाइप सोडला सरळ.
विमान पेटलं तर म्हणून राखलेलं पाणी
माणसावर.

त्याचा हिशेब द्यावा लागतो.
तारीख, वेळ, किती लिटर, कशासाठी.
कोळपेने पेन झटकलं, दोनदा,
आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं:
आग.
साहेबांनी न वाचता सही केली.

सोमवारी हारुण परत आला.
बूट काढून झटकले,
जुना कागद विरून लगदा झालेला.
म्हटलं, नवा घाल की.
म्हणाला, थांब जरा,
यंदाचा निकाल लागायचाय अजून.