तीन हजार नऊशे नव्याण्णव

मोजणीवाल्याने टेप गुंडाळली, आकडा सांगितला:
चार हजार साठ चौरस मीटर.
उंबरजे शेठनी चहाची बशी खाली ठेवली
आणि जागेकडे पाहिलं,
शिंपी पाहतो तसं, बेतताना चार बोटं जास्त निघालेल्या कापडाकडे.

होटगी रोडच्या आतली काळी जमीन,
मध्ये एक बाभूळ, कडेला कुणाच्या तरी भट्टीची राख.
चार हजाराला कायदा सुरू होतो.
तिथून पुढे दर पाचांतलं एक घर
बारकं बांधायचं, ठरल्या दरात द्यायचं,
सोडतीत ज्याची चिठ्ठी निघेल त्याला.

नकाशे मी काढतो. राजेशम द्यावरकोंडा,
आयटीआय ड्राफ्ट्समन, राहायला विडी घरकुलात
चिन्नम्माच्या पुढच्या खोलीत, बायको आणि दोन पोरींसह.
सोडतीला दोनदा नाव दिलंय. दोनदा प्रतीक्षा यादी.
शेठना हे माहीत नाही. सांगायचा प्रसंगही नव्हता.
ते एवढंच म्हणाले,
"राजू, चार हजाराच्या आत बसव की."

बसवलं.
पूर्वेकडून दीड मीटर आत एक रेघ, बस्स,
माऊसच्या दोन टिचक्या.
एकसष्ट मीटरची लांबट पट्टी सुटली,
महिन्याभरात शेठच्या मेव्हण्याच्या नावावर चढली.
रात्री कॅल्क्युलेटरवर उगाच भागून बघितलं:
तीस मीटरचं एक घर धरलं
तर पट्टीत दोन बसतात.
पाय लांब करून झोपता येईल.
कूस बदलायला मात्र बाहेर यावं लागेल.

शेठ वाईट माणूस नाही.
माझ्या थोरलीच्या टायफॉइडला त्यांनीच गाडी पाठवली.
स्लॅबच्या दिवशी, मजुरांसोबत शेंगाचटणी-भाकर खाताना म्हणाले,
"पाचातलं एक स्वस्त द्यायचं, तर ते पैसे
उरलेल्या चौघांच्या माथी मारायचे.
आणि ते चौघं आहेत कुठे, सांग?
पोरं पुण्यात. आईबाप इथं, जुन्या घरात, पाण्याची वाट बघत.
चार दिवसांआड नळ येतो त्या गावात
कुणाला विकू मी चढ्या भावानं?"
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही अर्धंच सुचलंय.

कपाटात फायली आहेत, त्यांच्या पाठीवर माझंच अक्षर:
तीन हजार नऊशे ऐंशी.
तीन हजार नऊशे चाळीस.
दोन हजार आणि शेजारी दोन हजार, मालक सख्खे भाऊ.
एकच फाईल चार हजार सहाशेची.
ती अजून फाईलच आहे.
जागेवर सहा वर्षं ज्वारी.

चिन्नम्माला सांगितलं एकदा.
पोचव्वा नाव तिचं, मांडीवर सूप, सुपात तेंदूपान,
बोटं तिची बोलताना थांबत नाहीत.
हजार विड्या वळल्या की कारखान्यात
मोजणारा त्यातल्या पन्नास-साठ बाजूला टाकतो,
ही सैल, ही आखूड. त्यांचे पैसे नाहीत.
विड्या मात्र परत देत नाही.
तिनं सगळं ऐकलं, दोरा दातानं तोडला,
म्हणाली, "छाट काढली म्हण की रे.
चांगल्या मालातनं."

इमारत उभी राहिली. सात मजले, गुलाबी रंग,
गेटवर पितळी अक्षरं, निम्म्या खिडक्यांना अजून पडदे नाहीत.
परवा चौथ्या मजल्यावर ओल बघायला गेलो होतो,
बाल्कनीतून पूर्वेला वाकून पाहिलं.
आपली भिंत, पलीकडच्या सोसायटीची भिंत,
मधे माझी पट्टी.
गवताच्या नादानं एक म्हैस आत शिरलेली,
पार टोकापर्यंत.
पुढं भिंत. वळायला जागा नाही.
एक पोरगा भिंतीवर पालथा पडून
तिच्या शिंगांना हात लावून
तिला एकेक पाऊल मागं सारत होता,
कन्नडमध्ये समजावत,
घाई न करता.