साठ हजार

अहवालात आकडा होता नऊ.
कुशवाह डॉक्टरांनी चष्मा काढला. "ग्वाल्हेरात राहून?"
मे महिन्यात इथे नळाचं पाणी चटका देतं,
डांबरात चप्पल रुतते,
आणि माझ्या हाडांपर्यंत ऊन पोचलंच नव्हतं.

पोचणार कुठून?
आधी आईचं "काळी पडशील, आत हो",
मग दौलतगंज ते कंपू, रोज स्कूटीवर
कोपरापर्यंत मोजे, तोंडाला ओढणी,
उघडे फक्त डोळे.
गच्चीवर मात्र बत्तीस उन्हाळे
सांडगे, गाद्या, मिरच्या, लिंबाच्या बरण्या,
सगळ्यांना ऊन दाखवलं.
दाखवून मी खाली यायचे.

रक्तातले पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतात,
म्हणून सकाळी मुठीत साधा चमचा राहत नाही.
आता दर रविवारी एक पुडी, दुधातून.
साठ हजार युनिट.
एवढी रक्कम एकदम हातात
कधी आली नव्हती.
"याने संधिवात जाणार नाही हं," डॉक्टरांनी बजावलं,
"आणि मनाने वाढवायची नाही."
जाऊबाई म्हणतात, रोज घे, काय बिघडतं?

तीन महिन्यांनी चौतीस.
बोटं? काल झाकण उघडलं. आज नाही.

जानेवारीत धुकं बसलं,
अकरा दिवस किल्ला दिसला नाही.
बाराव्या दिवशी दिसला, तशी
बाह्या वर सारून गच्चीत बसले.
पलीकडून शरबती जीजी ओरडली,
"क्या सुखा रही हो, भाभी?"
मी हात पालथे केले.
म्हटलं, एक बाजू झाली.