उतार

पहिला आठवडा टेगननं नुसती फावडी धुतली.
इड्वालच्या व्हॅनमध्ये चहा, चिखल, डिझेल,
आणि पगार: सतरा वर्षांच्या पोरीला पुरेल
किंवा पुरणार नाही, एवढा.
ती आली होती झाडांसाठी.
झाडं अजून कुंड्यांतच.

स्वान्सीतल्या एका परसात आज पहिली फरशी.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला
तेव्हा ती हसली. म्हातारा नाही हसला.
कोपऱ्यावर बूट टेकवून एवढंच म्हणाला,
"मग पाणी कुठं जाईल?"

तिनं फरशी उपटली.
वाळू खरवडली, बोटभर नाही, नखभर,
घरापासून लांब.

संध्याकाळी बसची वाट बघताना
फुटपाथवर ओणवी होऊन
ती दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाचा
उतार बघत होती.

बस आली, गेली.